झूम आयपीसने आकाश पाहताना: नवोदितांसाठी मार्गदर्शन

पहिली दुर्बीण घरात आली की थोड्याच दिवसांत तिच्यासोबत मिळालेले दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायच्या भिंगांच्या नळ्या, अपुरे वाटू लागतात. एकातून चंद्र पूर्ण दिसतो, पण गुरू अगदीच बारीक राहतो. दुसऱ्यातून गुरू मोठा होतो, पण तो सापडता सापडत नाही आणि सापडला तरी पाहता पाहता दृष्टिक्षेत्राबाहेर निसटतो. अशा वेळी मधल्या विशालनासाठी आणखी दोन-तीन आयपीस घ्यावेत की एकच झूम आयपीस घ्यावा, असा प्रश्न पडतो. झूम आयपीसमध्ये भिंगांचा एक गट नळीच्या आत पुढे-मागे सरकतो आणि त्यामुळे बाहेरची रिंग फिरवून आयपीसचे नाभीय अंतर बदलता येते. बाजारात सर्वाधिक आढळणारा प्रकार ८ ते २४ मिलिमीटरचा आहे. ७ ते २१ मिलिमीटरचेही आयपीस मिळतात. चार आयपीसांचा खर्च वाचतो हा त्याचा दुय्यम फायदा होय. मुख्य फायदा असा की समोरच्या वस्तूला आणि त्या रात्रीच्या हवेला नेमके किती विशालन मानवते, हे डोळा आयपीसवरून न हलवता ठरवता येते. हे जमण्यासाठी मात्र झूम आयपीस ठराविक पद्धतीने वापरावा लागतो, आणि त्याची एक मोठी मर्यादा आधीच समजून घ्यावी लागते.

आधी आपल्या दुर्बिणीचे गणित

दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. दुर्बिणीचे नाभीय अंतर तिच्या नळीवरच्या पट्टीवर छापलेले असते. या लेखात उदाहरणासाठी आठ इंची, म्हणजे साधारण २०० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवर हाताने वळवायची, दुर्बीण घेतली आहे, कारण आपल्याकडच्या हौशी निरीक्षकांत ती बरीच वापरली जाते. या दुर्बिणीला झूम आयपीस २४ च्या खुणेवर ५० पट विशालन देतो, १६ वर ७५ पट, १२ वर १०० पट आणि ८ वर १५० पट. हीच रिंग ६५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या १३० मिलिमीटरच्या छोट्या परावर्तक दुर्बिणीवर फिरवली तर विशालन साधारण २७ ते ८१ पट एवढेच राहते, आणि १५०० मिलिमीटरच्या माक्सुतोव्ह दुर्बिणीवर (भिंग आणि आरसा दोन्ही असलेला आखूड नळीचा प्रकार) ते साडेबासष्टपासून सुरू होऊन जवळजवळ १८८ पटीपर्यंत जाते. तेव्हा आयपीस घेण्याआधी हे दोन भागाकार कागदावर करून पाहावेत आणि आपल्या दुर्बिणीला तो कोणत्या पट्ट्यात काम देईल हे लिहून ठेवावे.

विशालनाबरोबर आणखी एक गोष्ट बदलते आणि ती नवोदितांच्या सहसा लक्षात येत नाही. आयपीसमधून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास विशालन वाढले की कमी होतो. दुर्बिणीच्या आरशाच्या व्यासाला विशालनाने भागले की हा व्यास मिळतो: आपल्या उदाहरणात २४ च्या खुणेवर तो ४ मिलिमीटर असतो, तर ८ च्या खुणेवर जेमतेम १.३ मिलिमीटर. विशालन तिप्पट झाले की पसरट वस्तूचा उजेड नऊपट मोठ्या क्षेत्रावर पसरतो, म्हणून तेजोमेघ आणि दीर्घिका मोठ्या विशालनाला मंद दिसतात. तारे मात्र ठिपक्यासारखेच राहतात आणि त्यांच्यामागचे आकाश तेवढे काळे पडते. कोणत्या वस्तूला रिंग कुठवर फिरवायची याचे उत्तर पुष्कळदा या एका गोष्टीत असते.

मर्यादा: २४ ची खूण म्हणजे रुंद आकाश नव्हे

२५ मिलिमीटरच्या प्लोसल या साध्या, स्थिर नाभीय अंतराच्या आयपीसमधून जेवढे आकाश दिसते, तेवढे झूम आयपीस २४ वर ठेवूनही दिसत नाही. याचे कारण त्याच्या रचनेत आहे. नेहमीच्या ८ ते २४ मिलिमीटरच्या झूम आयपीसचे आभासी दृष्टिक्षेत्र, म्हणजे डोळा लावल्यावर दिसणाऱ्या गोल खिडकीची रुंदी, ८ च्या खुणेवर साधारण ६० अंश असते आणि रिंग २४ कडे नेत गेले की ती आक्रसत ४० अंशांच्या आसपास येते. महागड्या झूम आयपीसमध्ये हे आकडे थोडे बरे असतात, पण कल तोच राहतो. आभासी दृष्टिक्षेत्राला विशालनाने भागले की आकाशाचा प्रत्यक्ष किती तुकडा दिसतो ते कळते. आपल्या दुर्बिणीला तो २४ वर ०.८ अंश आणि ८ वर ०.४ अंश येतो. विशालन तिपटीने कमी झाले तरी आकाशाचा तुकडा केवळ दुपटीने वाढला, हा याचा अर्थ.

कृत्तिकांचे ठळक तारे सुमारे एक अंश रुंदीत पसरलेले आहेत, त्यामुळे या दुर्बिणीत झूम आयपीसमधून ते एकत्र मावत नाहीत. कर्क राशीतला पुष्याचा तारकागुच्छ तर त्याहूनही रुंद आहे. म्हणून १००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक नाभीय अंतराची दुर्बीण असणाऱ्यांनी झूम आयपीससोबत ३२ मिलिमीटरचा एक साधा प्लोसल आयपीस जरूर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो आपल्या उदाहरणात साडेसदतीस पट विशालन आणि सव्वा अंशाहून थोडे जास्त आकाश देतो. कृत्तिकांचे मुख्य तारे त्यात सामावतात आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वस्तू शोधणे सोपे जाते. ६५० मिलिमीटरच्या छोट्या दुर्बिणीला ही अडचण फारशी जाणवत नाही, कारण तिला २४ वरही जवळजवळ दीड अंश आकाश मिळते.

आपल्या आयपीसचे दृष्टिक्षेत्र नेमके किती, हे जाहिरातीतल्या आकड्यांवर विसंबून न राहता स्वतः मोजता येते आणि प्रत्येकाने ते एकदा मोजावेच. मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी जो सर्वांत आधी उगवतो, तो जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहे. माग न काढणारी, म्हणजे मोटार नसलेली किंवा मोटार बंद ठेवलेली दुर्बीण या ताऱ्यावर रोखावी, तारा एका कडेबाहेर ठेवावा, आणि तो कडेला उगवल्यापासून दृष्टिक्षेत्राच्या बरोबर मध्यातून जाऊन समोरच्या कडेला मावळेपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचने सेकंदांत मोजावा. या सेकंदांना चारने भागले की दृष्टिक्षेत्राची रुंदी कलांमध्ये मिळते; ६० कला म्हणजे एक अंश. २४ च्या खुणेवर १९२ सेकंद लागले तर रुंदी ४८ कला आली, म्हणजे ०.८ अंश. ८ च्या खुणेवर हाच तारा साधारण दीड मिनिटात पार होतो. हे आकडे वहीत टिपून ठेवले की पुढे नकाशा पाहताना कोणती वस्तू मावेल आणि कोणती मावणार नाही, हे आधीच सांगता येते.

घेताना काय तपासावे

आयपीसच्या खालच्या नळीचा व्यास सव्वा इंच असावा. आज बहुतेक दुर्बिणींना तोच बसतो, परंतु काही जुन्या आणि खेळण्यातल्या दुर्बिणींना त्याहून अरुंद नळी लागते. शक्य असेल तर आयपीस हातात घेऊन रिंग फिरवून पाहावी. ती सर्वत्र सारख्या दाबाने फिरली पाहिजे. मध्येच अडकणे, सैल लागणे किंवा वरचा भाग डुगडुगणे ही वाईट लक्षणे आहेत. काही आयपीसमध्ये ठरावीक खुणांवर 'टक्' असा थांबा असतो. अंधारात कोणत्या खुणेवर आहोत हे बोटांना कळते, म्हणून मला असे थांबे उपयोगी वाटतात. दुर्बिणीसोबत फुकट येणाऱ्या प्लॅस्टिकच्या भिंगांच्या झूम आयपीसवरून मात्र या प्रकाराविषयी मत बनवू नये. विकत घेण्याआधी वापरून पाहायचा असल्यास आकाशदर्शनाचे कार्यक्रम ही सर्वोत्तम जागा आहे. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि वांगणीच्या आकाशदर्शनासाठी मुंबईकरांना परिचित असलेले खगोल मंडळ यांसारख्या संस्थांच्या कार्यक्रमांत अनुभवी निरीक्षक असतात, आणि अदबीने विचारले तर ते आपला आयपीस दाखवायला सहसा नाही म्हणत नाहीत.

अंधार पडण्याआधी

दुर्बीण निरीक्षणाच्या किमान अर्धा ते पाऊण तास आधी बाहेर नेऊन ठेवावी. आठ इंची आरसा घरातल्या उबेतून बाहेर आला की त्याच्यावरची गरम हवा नळीत हेलकावत राहते, आणि तोवर मोठे विशालन वापरण्यात काहीच हशील नसते. शहरातल्या गच्चीवर आणखी एक अडचण असते: दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बराच वेळ उष्णता सोडत राहतो आणि त्यावरून जाणारी हवा प्रतिमा थरथरवते. मोकळ्या मैदानात, गवतावर किंवा मातीवर दुर्बीण ठेवता आली तर फरक लगेच दिसतो. गच्चीखेरीज पर्याय नसेल तर ग्रहांचे बारकावे पाहण्यासाठी रात्री उशिराची वेळ धरावी.

फाइंडर, म्हणजे वस्तू शोधण्यासाठी दुर्बिणीवर बसवलेले छोटे साधन, उजेड असतानाच जुळवून घ्यावा. दूरचा मोबाइल टॉवर किंवा डोंगरावरचे एखादे झाड दुर्बिणीत आणून आयपीस २४ वर ठेवून मध्यभागी घ्यावे आणि फाइंडरचा ठिपका त्याच जागी येईपर्यंत त्याचे स्क्रू फिरवावेत. मग रिंग ८ वर नेऊन तेच पुन्हा तपासावे. झूम आयपीसमुळे आयपीस न बदलता ही दुसरी, अधिक बारीक जुळणी मिनिटभरात होते. मात्र हे सूर्य मावळल्यानंतर किंवा सूर्याच्या विरुद्ध दिशेलाच करावे. दुर्बीण किंवा फाइंडर क्षणभरही सूर्याकडे वळता कामा नये, कारण त्यातून पाहणाऱ्याची दृष्टी कायमची जाऊ शकते. सूर्य पाहायचाच असेल तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसणारा प्रमाणित सौर फिल्टरच हवा. आयपीसला लावायचे छोटे काळे फिल्टर उष्णतेने तडकतात, ते कधीही वापरू नयेत.

रिंग फिरवण्याची पद्धत

पहिली पायरी म्हणजे आयपीस फोकसरमध्ये (आयपीस पुढे-मागे सरकवून प्रतिमा स्पष्ट करणाऱ्या भागात) पूर्ण आत बसवून त्याचा स्क्रू नीट घट्ट करणे. स्थिर आयपीस जरा सैल राहिला तरी चालून जाते. झूम आयपीस सैल राहिला तर रिंग फिरवताना अख्खा आयपीसच फोकसरमध्ये गरगर फिरतो आणि खुणा बदलतच नाहीत.

दुसरी पायरी शोधण्याची. रिंग २४ वर आणावी, फाइंडरने वस्तू गाठावी, ती दृष्टिक्षेत्राच्या मधोमध घ्यावी आणि फोकस करावा. ३२ मिलिमीटरचा आयपीस जवळ असेल तर शोधण्याचे काम त्याने करून मग झूम आयपीस लावावा. वस्तू मध्यभागी येण्याआधी रिंगला हात लावू नये, कारण विशालन वाढले की कडेची वस्तू लगेच बाहेर जाते.

तिसऱ्या पायरीत दोन्ही हात लागतात. एका हाताने आयपीसचा खालचा, न फिरणारा भाग किंवा फोकसर अलगद धरावा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी रिंग फिरवावी. डॉब्सोनियनसारख्या न्यूटनियन (आरशाच्या) दुर्बिणीत फोकसर नळीच्या वरच्या टोकाला असतो, त्यामुळे एकाच हाताने रिंग पिळली की नळी ढकलली जाते आणि वस्तू हरवते. थंडीत आतले ग्रीस घट्ट होते आणि रिंग जड जाते, तेव्हा तर दोन हात हवेतच. रिंग एकदम टोकापर्यंत न नेता २४ वरून २० वर, मग १६ वर अशी टप्प्याटप्प्याने न्यावी आणि प्रत्येक टप्प्यावर थोडे थांबून पाहावे.

चौथी पायरी फोकसची. बहुतेक झूम आयपीसमध्ये विशालन बदलले की फोकस थोडासा सरकतो. नवोदित निरीक्षक याला आयपीसचा दोष समजतात किंवा हवा खराब आहे असे मानून माघार घेतात. प्रत्येक टप्प्यावर फोकसर किंचित पुढे-मागे करून तारा सर्वांत लहान ठिपका होईल तिथे थांबवावा. मोठ्या विशालनाला फोकस अधिक काटेकोर लागतो, म्हणून ८ वर नीट फोकस केला की परत १६ किंवा २४ वर येताना तो बहुधा पुरेसा जुळलेला राहतो; उलट दिशेने तसे होत नाही.

पाचवी पायरी म्हणजे वस्तू सरकू देणे. माग काढणारी मोटार नसेल तर वस्तू मधोमध ठेवण्याची धडपड करू नये. ज्या कडेने ती आत येते तिच्या जवळ तिला आणून ठेवावे, हात काढून घ्यावा, नळीची थरथर दोन-तीन सेकंदांत थांबू द्यावी आणि मग वस्तू दृष्टिक्षेत्र ओलांडेपर्यंत निवांत पाहत राहावे. ८ च्या खुणेवर असे साधारण दीड मिनिट मिळते.

कुठे थांबावे

झूम आयपीसचा सारा उपयोग या एका निर्णयात आहे. विशालन वाढवताना सुरुवातीला प्रत्येक टप्प्यावर काहीतरी नवे दिसते. मग एक टप्पा असा येतो की प्रतिमा मोठी होते पण नवे काही दिसत नाही, आणि त्यापुढे ती मऊ, मंद आणि थरथरती होते. तिथून एक टप्पा मागे यावे. त्या वस्तूसाठी त्या रात्रीचे योग्य विशालन तेच. दुर्बिणीच्या व्यासाच्या मिलिमीटरांच्या दुप्पट ही विशालनाची कमाल मर्यादा पुस्तकांत दिलेली असते आणि आठ इंची दुर्बिणीसाठी ती ४०० पट येते, परंतु आपल्या डोक्यावरची हवा तेवढी मुभा क्वचितच देते. एखाद्या रात्री १५० पटीला गुरू कोरीव दिसतो, तर दुसऱ्या रात्री १०० पटीलाही तो पाण्याखाली ठेवल्यासारखा हलतो. डोक्यावरचे तारेही जोरात लुकलुकत असतील तर त्या रात्री ग्रहांचा नाद सोडून कमी विशालनाच्या वस्तूंकडे वळावे. याउलट, आकाश थोडे धूसर असूनही तारे स्थिर असतील तर ती रात्र ग्रहांसाठी आणि जोडताऱ्यांसाठी चांगली ठरते.

काय पाहावे आणि कोणत्या खुणेवर

चंद्र हे सरावासाठी सर्वांत सोपे लक्ष्य आहे. २४ वर तो पूर्ण मावतो. ८ वर मावत नाही, आणि मावण्याची गरजही नाही. पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो, म्हणून शुक्ल पक्षातल्या मधल्या तिथी निवडाव्यात आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर लक्ष ठेवावे. शुक्ल अष्टमी-नवमीच्या सुमारास त्या सीमेजवळ 'सरळ भिंत' या नावाने ओळखला जाणारा सुमारे ११० किलोमीटर लांबीचा कडा काळ्या रेघेसारखा दिसतो. २४ वर ती रेघ आहे की नाही अशी शंका येते. १२ वर ती ठसठशीत होते आणि तिच्या शेजारचे छोटे विवर वेगळे दिसू लागते. नवमी-दशमीला सुमारे ९३ किलोमीटर व्यासाच्या कोपर्निकस विवराच्या पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती आणि मधली शिखरे याच रीतीने उलगडत जातात.

गुरू पृथ्वीच्या जवळ असताना त्याच्या चकतीचा व्यास ४५ विकलांच्या (६० विकला म्हणजे एक कला) आसपास असतो. याचा अर्थ ४० पट विशालनाला तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसायला हवा, आणि १५० पटीला जवळजवळ चौपट. तरीही पाहणाऱ्याला तो बारीक वाटतो, कारण भोवतालच्या काळ्या आकाशात तुलनेला काही नसते. २४ वर चार मोठे चंद्र आणि दोन पट्टे पाहावेत. मग रिंग १२ च्या आसपास नेऊन पाच-दहा मिनिटे डोळा न हलवता थांबावे. हवा क्षणभर स्थिर झाली की पट्ट्यांच्या कडा खरबरीत दिसतात आणि एखाद्या चंद्राची सावली चकतीवर पडलेली असेल तर ती शाईच्या टिंबासारखी उमटते. ग्रह पाहणे म्हणजे अशा क्षणांची वाट पाहणे होय, आणि ती वाट पाहताना रिंग सतत इकडे-तिकडे फिरवत राहणे ही नवोदितांची सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

शनीची कडी २४ च्या खुणेवरही ओळखू येतात. मार्च २०२५ मध्ये ती पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत होती. पुढच्या काही वर्षांत ती क्रमाने उघडत जाणार आहेत, त्यामुळे १० ते ८ च्या खुणांवर कड्यांमधली काळी फट शोधण्याचा प्रयत्न दरवर्षी अधिक यशस्वी होईल.

जोडतारे पाहताना झूम आयपीससारखे दुसरे साधन नाही, असे मला मनापासून वाटते. हंस तारकासमूहातला अल्बिरिओ २४ वरच पिवळा आणि निळसर असे दोन तारे दाखवतो आणि तिथेच तो सर्वांत सुंदर दिसतो. विशालन वाढवून रंग फिके करू नयेत. सप्तर्षीतला वसिष्ठ आणि अरुंधती एकाच दृष्टिक्षेत्रात घ्यावेत, म्हणजे वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे हे लगेच दिसेल. खरा अनुभव मात्र पुनर्वसूच्या जोडीतल्या कॅस्टरवर येतो. त्याच्या दोन घटकांत सुमारे साडेपाच विकलांचे अंतर आहे. ५० पटीला ते एकमेकांना चिकटल्यासारखे वाटतात. डोळा तसाच ठेवून रिंग हळूहळू फिरवत जावे. ७५ ते १०० पटीच्या दरम्यान दोन पांढऱ्या ठिपक्यांमध्ये काळी फट उघडताना दिसते, आणि त्यातला एक दुसऱ्यापेक्षा जरा उजळ असल्याचेही कळते. आयपीस बदलून पाहिले तर ही फट फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढेच कळते. उघडताना ती झूम आयपीसमध्येच पाहायला मिळते. हात बसल्यावर अभिजितजवळचा एप्सिलॉन लायरे घ्यावा. कमी विशालनाला तो दोन ताऱ्यांची सुटसुटीत जोडी दिसतो आणि स्थिर हवेत १२० ते १५० पटीला त्यातला प्रत्येक तारा पुन्हा दुभंगतो.

गोलाकार तारकागुच्छांसाठी गडद आकाश आणि मोठे विशालन यांची सांगड घालावी. शौरी तारकासमूहातला एम १३ हा गुच्छ २४ वर धुक्याच्या गोळ्यासारखा असतो. १२ वर मागचे आकाश काळे पडते आणि गोळ्याच्या कडांना तारे सुटे होऊ लागतात. एप्रिल-मे महिन्यांच्या रात्री दक्षिणेकडे नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी पाहावा. महाराष्ट्र आणि गोव्यातून तो क्षितिजाच्या बराच वर येतो, आणि युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना तो दिसतच नाही; हे आपले भाग्य वाया घालवू नये. त्याचा विस्तार चंद्राएवढा असल्यामुळे त्याला २० ते १६ पर्यंतच्या खुणा पुरतात.

तेजोमेघांच्या बाबतीत रिंग जपून फिरवावी. मृगातला तेजोमेघ २४ वर त्याच्या पसरलेल्या पंखांसह पाहावा आणि मग १२ वर जाऊन त्याच्या गाभ्यातले चार तारे, म्हणजे ट्रॅपिझियम, वेगळे करावेत; या वेळी पंख मंद होतील, ते अपेक्षितच आहे. स्वरमंडलातला एम ५७ हा वलयाकार तेजोमेघ याला अपवाद आहे. तो लहान पण तुलनेने तेजस्वी असल्यामुळे ५० पटीला जेमतेम एक फुगीर ठिपका वाटतो आणि १०० पटीच्या पुढे त्याच्या मधली पोकळी दिसू लागते. देवयानी दीर्घिका तीन अंशांपर्यंत पसरलेली असल्याने झूम आयपीसमध्ये तिचा फक्त उजळ गाभा येतो, तेव्हा तिथे ३२ मिलिमीटरचाच आयपीस लावावा. शहराच्या उजेडात कोणताही आयपीस दीर्घिका नीट दाखवू शकत नाही. २०२४ मध्ये भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळालेल्या महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पासारख्या जागी गेले तर याच आयपीसमधून किती अधिक दिसते, ते प्रत्यक्ष अनुभवता येते.

बार्लो आणि चष्मा

ज्यांच्या दुर्बिणीचे नाभीय अंतर कमी आहे त्यांनी विशालन दुप्पट करणारे बार्लो भिंग झूम आयपीसच्या खाली लावावे. ६५० मिलिमीटरच्या दुर्बिणीला त्यामुळे साधारण ५४ ते १६२ पट असा ग्रहांसाठी उपयुक्त पट्टा मिळतो. १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला ते क्वचितच लागेल.

केवळ जवळचा किंवा लांबचा नंबर असणाऱ्यांनी चष्मा काढून फोकसरने दुरुस्ती करावी. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवूनच पाहावे, आणि आयपीसवरचे रबरी कप खाली दुमडावे किंवा फिरवून आत घ्यावे, म्हणजे डोळा पुरेसा जवळ जाईल.

निगा, विशेषतः पावसाळ्यातली

स्थिर आयपीसपेक्षा झूम आयपीसमध्ये हवेला आत शिरायला जास्त वाटा असतात, कारण त्याचे भाग सरकते आहेत. जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, दमट हवेमुळे भिंगांवर बुरशीचे कोळिष्टकासारखे धागे धरतात आणि ते भिंगावरचा लेप कायमचा खातात. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस आयपीस कोरड्या कापडाने बाहेरून पुसून हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. जेल ओले झाल्याचे रंगावरून कळते. निळे दाणे गुलाबी झाले की ते गरम करून पुन्हा कोरडे करावेत. आयपीस चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवू नये, कारण पिशवीच ओल धरून ठेवते. हिवाळ्यातल्या दवाच्या रात्री आयपीस वापरात नसताना खिशात ठेवला तर त्यावर बाष्प धरत नाही; घरी परतल्यावर मात्र तो लगेच डब्यात बंद न करता आधी पूर्ण सुकू द्यावा. धूळ रबरी फुग्याने उडवावी, आणि डाग असेल तरच भिंग पुसण्याच्या कागदावर द्रावणाचा एक थेंब घेऊन हलक्या हाताने पुसावे. द्रावण थेट भिंगावर टाकल्यास ते फटीतून आत उतरते. आयपीस उघडून आतून साफ करण्याचा प्रयत्न घरी करू नये, कारण सरकता भिंगगट पुन्हा नेमका त्याच जागी बसवणे साधनांशिवाय शक्य नसते.

पुढचा आयपीस कोणता

निरीक्षणाच्या वहीत तारीख, वस्तू आणि हवा यांच्यासोबत रिंग शेवटी कोणत्या खुणेवर थांबली, हे प्रत्येक वेळी लिहावे. एक हिवाळा आणि एक उन्हाळा अशा नोंदी झाल्या की ग्रहांसाठी हात बहुतेक वेळा ठरावीक आकड्याजवळच थांबतो, असे दिसून येईल. तो आकडा १० च्या आसपास असेल तर १० मिलिमीटरचा रुंद दृष्टिक्षेत्राचा एक चांगला स्थिर आयपीस घ्यावा. त्यात झूमपेक्षा कमी भिंगे असतील तर प्रकाशाचा अपव्यय कमी होतो आणि ग्रहांचे बारकावे किंचित स्पष्ट होतात. रुंद क्षेत्राचे आयपीस सहसा अधिक भिंगांचे असतात, तेव्हा फक्त ग्रहांसाठीच घ्यायचा असेल तर साधा प्लोसल किंवा ऑर्थोस्कोपिक (कमी भिंगांचा आणखी एक प्रकार) पुरेसा आहे. नोंदी ८ च्या टोकाला येऊन अडकत असतील, म्हणजे हवा आणखी मुभा देत असूनही रिंग संपत असेल, तर ६ मिलिमीटरचा आयपीस किंवा बार्लो भिंग ही पुढची खरेदी ठरते.